अंगावर पाजतेय, मग कॉपर-टी कशाला?

वसईच्या एका कॅथलिक धर्मग्रामातली (पॅरिशमधली) 29 वर्षांची आई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दुसरं सिझेरियन होऊन पाच महिने झालेले, थोरला जेमतेम दोन वर्षांचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, निदान दोन वर्षं दिवस जाता कामा नयेत, कॉपर-टी बसवून घ्या. कॉपर-टी चर्चला मान्य नाही, म्हणून तिला एकच घोर लागलेला: "बसवली तर मिस्सेला ख्रिस्तप्रसाद कुठल्या तोंडानं घेऊ?" सासूबाईंनी तिच्यापुरता तोडगा काढला होता, "अंगावर पाजतेस तोवर काही होत नाही गं."

धोका होता तो सासूबाईंच्या या वाक्यात. स्तनपानाचं संरक्षण 98 टक्क्यांपर्यंत मिळतं, पण तीन अटी एकत्र पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी अजून न आलेली, आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध. हिच्याकडे तीन आठवड्यांपासून रात्री वरच्या दुधाची बाटली सुरू होती. तिसरी अट तिथेच मोडली. पाळी यायच्या आधी बीज सुटतं, म्हणून "पाळी आली की बघू" हा हिशेबही चालत नाही. थोरल्याच्या वेळी तिला नेमके असेच, पाळी न येताच दिवस गेले होते.

आता धर्माचं. आपल्याला मूल नको वाटतं हेच पाप, असं ती धरून बसली होती. तसं नाही. पोप सहावे पॉल यांच्या 25 जुलै 1968 च्या 'ह्युमाने व्हिते' या पत्रात गंभीर कारण असेल तर दोन मुलांत अंतर ठेवायला मोकळीक आहे. आईची तब्येत हे तसं कारण आहे. मनाई आहे ती साधनांना: निरोध, गोळ्या, कॉपर-टी, नसबंदी. रास्त मानलेला मार्ग म्हणजे सुपीक दिवस ओळखून त्या दिवसांत संबंध टाळणं. आजारावर म्हणून घेतलेलं औषध, त्याने गर्भ राहणं टळलं तरी, चालतं, पण "पुढचं बाळंतपण धोक्याचं" हे कारण त्यात बसत नाही. आधीच्या सिझेरियनमुळे गर्भाशय कमकुवत झालं असलं तरी नळ्या बंद करणं मान्य नाही, असं व्हॅटिकनने 1993 मध्ये स्पष्ट सांगितलं. इथे डॉक्टरांचा सल्ला आणि चर्चची शिकवण जुळत नाहीत. जुळतात असं भासवणं ही तिची फसवणूक ठरली असती.

तिला बिलिंग्ज पद्धत, म्हणजे योनीस्रावावरून सुपीक दिवस ओळखण्याची पद्धत, हवी होती, तर ती नीट शिकवणं भाग होतं. पहिले दोन आठवडे संबंध अजिबात नाहीत, फक्त स्रावाची नोंद: कोरडं, चिकट, की अंड्याच्या पांढऱ्यासारखं निसरडं. रोज रात्री एक रकाना. पुढे कोरड्या दिवशी फक्त संध्याकाळनंतर, तेही एक दिवस आड. स्राव बदलला की थांबायचं, आणि तो पूर्ववत झाल्यावर तीन दिवस सोडून चौथ्या संध्याकाळपर्यंत वाट पाहायची. रोज उठल्यावर अंगाचं तापमान मोजण्याची जोड तिच्या कामाची नव्हती. त्यासाठी सलग झोप लागते, आणि तान्हं मूल ती होऊ देत नाही.

आकडेही नवरा-बायकोसमोर ठेवले. रोजच्या वापरात वर्षभरात 100 पैकी किती जणींना दिवस जातात? कॉपर-टीवर एकीपेक्षाही कमी, निरोधावर सुमारे 13, नैसर्गिक पद्धतींवर 2 ते 23. ही एवढी तफावत पद्धत कोणती आणि नोंद किती काटेकोर, यावर पडते. टाके नुकते भरलेल्या गर्भाशयासाठी 23 हा आकडा फार मोठा आहे. तो न सांगता नुसता नोंदीचा तक्ता हातात देणं, ही पद्धत शिकवणाऱ्या आम्हाला गैर वाटतं.

महिन्याने ती तक्ता घेऊन आली. 28 रकान्यांपैकी 9 कोरे. धाकट्याला ताप होता त्या रात्री तिला आठवणच राहिली नव्हती. या घरात, या वर्षी ही पद्धत भरवशाची नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. तिचा नवरा बराच वेळ त्या कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवत बसला. मग त्याने स्वतःच डॉक्टरांची वेळ मागितली. तिने त्याआधी फादरांना भेटायचं ठरवलं, आणि तोवर वेगळं झोपायचं हे दोघांनी मिळून.