वेगवेगळ्या देशांतल्या नगरपालिका मिळून समुद्र सांभाळतात का?

तुमचा प्रश्न असा, की समुद्र म्हणजे दोन देशांच्या सरकारांमधला मामला, त्यात नगरपालिका काय करणार?

बरंच करतात. सागरी हद्द, जहाजांचे नियम, मासेमारीचे कोटे देश ठरवतात. पण गटाराचं पाणी, कचरा, किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या परवानग्या या फायली शहराच्याच कचेरीत असतात.

उत्तर समुद्राकाठच्या नगरपालिकांनी १९९० साली डेन्मार्कमधल्या एस्बियर्गला ‘किमो’ ही संघटना काढली. तिचं एक काम मला फार आवडतं. मच्छीमारांना मोठ्या, दणकट पिशव्या फुकट देतात. जाळ्यात माशांबरोबर आलेला कचरा परत पाण्यात न फेकता पिशवीत भरायचा आणि बंदरावर उतरवायचा. विल्हेवाटीचा खर्च त्यांच्या माथी येत नाही.

पूर्व आशियातल्या किनारी शहरांचं आणि प्रांतांचं असंच जाळं २००६ पासून आहे. त्याचं सचिवालय चीनमधल्या शियामेनला. तिथली युनदांग खाडी बांध घालून बंद केली होती, शहराची घाण साचून तिला दुर्गंधी सुटली. १९८८ पासून सांडपाणी अडवलं, गाळ उपसला आणि भरती-ओहोटी साधून दरवाजे उघडत-मिटत ताजं समुद्रपाणी आत खेळवलं. दरवाजा कधी उघडायचा, हे मंत्र्यांच्या करारात लिहिलेलं नसतं. ते एका शहराचा इंजिनिअर दुसऱ्या शहराच्या इंजिनिअरकडूनच शिकतो.

मी बडोद्याचा. समुद्र आमच्यापासून दूर, पण आमची विश्वामित्री नदी ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. पूर ओसरला की काठच्या बाभळींवर डोक्याच्याही वर प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबताना दिसतात. ज्या अडकल्या नाहीत, त्या आखाताच्या वाटेला लागल्या. शिवाय कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८३ पासून पन्नासहून जास्त किलोमीटरच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाशी सोडतात. तिथल्या गावांचं पाणी कसं राहील, हे बऱ्याच अंशी इथे ठरतं. म्हणून किनाऱ्याच्या बैठकीत आतल्या शहरांनाही खुर्ची हवीच, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे महापालिकेला परदेशी शहराशी करार करायचा तर केंद्राची परवानगी लागते. पण सुरत, भरूच, भावनगर, बडोदा एकाच राज्यात, एकाच आखाताशी बांधलेली. त्यांनी पावसाळ्याआधी आपापल्या नाल्यांचे नकाशे एकत्र मांडून बसायला कुणाचीच आडकाठी नाही.