खिडकीसमोरची भिंत आणि घरातलं आजारपण
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

घर, इमारत आणि रस्ता यांचा तब्येतीशी संबंध काय, असं विचारणारी पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यातली बहुतेक उजेड आणि हवेबद्दलची आहेत, म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. समोरची इमारत अगदी जवळ आहे, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मुलीला टीबी झाला, उपचार चालू आहेत. आता शेजारच्या घरातही एक रुग्ण निघाला. इमारतीमुळे टीबी होतो का? घर बदलणं आम्हाला परवडणारं नाही.
— एक वाचक, गोवंडी

टीबी जंतूंमुळे होतो. पण खोकल्यातून बाहेर पडलेले जंतू खोलीत किती वेळ तरंगत राहणार आणि किती जणांच्या छातीत जाणार, हे बऱ्याच अंशी इमारत ठरवते. तुमच्याच भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी केला होता, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर होतं. जिथे ऊन आणि वारा पोचत नव्हता तिथे, विशेषतः खालच्या मजल्यांवर, टीबीचं प्रमाण जास्त आढळलं. दाटीवाटी, अपुरा आहार आणि गरिबी यांचाही त्यात वाटा असतो, सगळा दोष भिंतींवर टाकता येणार नाही. पण आहार सुधारला तरी कोंदट खोली कोंदटच राहते, आणि ती तशी बांधायला कुणीतरी परवानगी दिलेली असते.

मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ‘साडेत्रेसष्ट अंशां’चा नियम लावून धरला. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिलं, तर नजरेचा कोन ६३.५ अंशांपेक्षा जास्त नसावा. हिशेब सोपा आहे : समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर मोकळं हवं. सात मजली इमारत साधारण २१ मीटर उंच धरली, तर समोर साडेदहा मीटर मोकळे. ३ मीटरच्या फटीत तळमजल्याचा कोन ८० अंशांच्या वर जातो, म्हणजे आकाश दिसायला मान खिडकीबाहेर काढावी लागते. तुमचा कोन मोजायचा असेल तर मोबाइलमधलं कोन दाखवणारं ॲप उघडा, खिडकीच्या खालच्या कडेशी फोन धरा आणि त्याची लांब बाजू समोरच्या गच्चीच्या कठड्याकडे रोखा. येणारा आकडा तक्रार अर्जात लिहा. ‘अंधार आहे’ यापेक्षा ‘कोन ७८ अंश’ या वाक्याला उत्तर देणं भाग पडतं.

आता घरात काय करता येईल ते. एका तासात खोलीतली सगळी हवा किती वेळा बदलते, यावर सारं अवलंबून आहे. तासाला दोनदा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के जंतू बाहेर जायला १३८ मिनिटं लागतात. सहा वेळा बदलली तर ४६ मिनिटं, बारा वेळा बदलली तर २३. छताचा पंखा हवा फक्त घुसळतो, बदलत नाही. स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा फिरवतो.

१० बाय १० फुटांची, ९ फूट उंच खोली साधारण साडेपंचवीस घनमीटरची होते. ६ इंची एक्झॉस्ट फॅन तासाला २०० ते २५० घनमीटर हवा ओढतो (खोक्यावर आकडा छापलेला असतो). कागदावर हे तासाला आठ ते दहा वेळा होतं, पण जाळी, धूळ आणि अरुंद फट यांमुळे प्रत्यक्षात निम्मं धरा. तरीही बंद खोलीपेक्षा हे कितीतरी बरं. बसवताना तीन चुका हमखास होतात. पहिली, फॅन उघड्या खिडकीला लागून बसवतात. मग तो खिडकीतूनच आलेली हवा बाहेर फेकतो आणि खोलीचा उरलेला भाग तसाच कोंदट राहतो. फॅन एका भिंतीत आणि हवा यायची वाट समोरच्या बाजूला हवी. दुसरी चूक, हवा आत यायला वाटच ठेवत नाहीत. दाराखाली बोटभर फट किंवा समोरची खिडकी चार बोटं उघडी असली पाहिजे. तिसरी चूक सगळ्यांत वाईट : फॅनचं तोंड बंदिस्त डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) काढतात. ती हवा वरच्या घरांच्या न्हाणीघरात शिरते.

बसवून झाल्यावर मुलगी खोलीत नसताना उदबत्ती लावून पाहा. छताचा पंखा बंद करा आणि उदबत्ती आधी दाराच्या फटीशी, मग पलंगाजवळ, मग फॅनखाली धरा. धूर दाराकडून आत येऊन पलंगावरून फॅनकडे सरकायला हवा. पलंगाजवळ तो सरळ वर जाऊन रेंगाळत असेल तर पलंगाची जागा बदला. रुग्णाचा पलंग हवा बाहेर जाते त्या टोकाला आणि बाकीच्यांची झोपायची जागा हवा आत येते त्या टोकाला. ऊन येत असेल त्या वेळी काच उघडा, कारण जंतू मारणारा उन्हातला अतिनील भाग काच बऱ्यापैकी अडवते.

खालच्या मजल्यांवर खिडक्या बंद का असतात, हेही बोलायला हवं. वरून कचरा पडतो, फटीत सांडपाणी साचतं, वास आणि डास येतात. त्यामुळे दोन इमारतींमधली गल्ली दर आठवड्याला साफ करून घेणं आणि पहिल्या मजल्याच्या वर कचरा अडवणारी जाळी ताणणं हे सोसायटीचं आरोग्याचं काम आहे. ते झाल्याशिवाय ‘खिडक्या उघड्या ठेवा’ या सल्ल्याला काही अर्थ नाही.

आणि औषधं : नेहमीच्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडू नका. घरातल्या प्रत्येकाची तपासणी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत होते. तपासणीत टीबी निघाला नाही तरी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. मुलीची नोंद झाली आहे ना, हे पाहून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतो आहे. सभेत सगळी चर्चा कार्पेट एरिया आणि बिल्डरकडून मिळणाऱ्या कॉर्पस निधीची. आरोग्याच्या दृष्टीनं नकाशात काय बघावं?
— एक समिती सदस्य, डोंबिवली

फ्लॅटचा नकाशा बाजूला ठेवा आणि आर्किटेक्टकडून दोन कागद मागा : चारही बाजूंची मोकळी अंतरं मीटरमध्ये लिहिलेला लेआउट आणि शेजारच्या इमारतीसकट काढलेला उभा छेद. छेदात वर सांगितलेला कोन काढून बघा. शेजारची इमारत आज तीन मजली असली तरी तीही उद्या वाढणार, म्हणून तिची उंची तुमच्या नव्या इमारतीएवढी धरूनच कोन काढा. मोकळ्या अंतरात सूट मागितली आहे का, हे लेखी विचारा. प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून अशी सूट मिळते. पैसे बिल्डर भरतो, उजेड मात्र तुमचा जातो.

मग खिडक्या. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश हव्यात. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. इथे एक गोम आहे. ५ बाय ४ फुटांची दोन पाळ्यांची सरकती खिडकी कागदावर २० चौरस फूट भरते, पण एका वेळी उघडते फक्त १०. डासांची जाळी लावली की वारा आणखी कमी. बिजागरीच्या, पूर्ण उघडणाऱ्या पाळ्या मागा, निदान स्वयंपाकघर आणि मुलांच्या खोलीला तरी. स्वयंपाकघराची एकमेव खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर तो फ्लॅट नाकारा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मजल्यावरचा पॅसेज निदान एका टोकाला उघड्या हवेत संपायला हवा.

पोडियम (इमारतीखालचा पार्किंगचा चौथरा) कुंपणाच्या भिंतीला टेकला असेल तर जमिनीतली मोठी झाडं कायमची गेली. कुंड्यांमधल्या झाडांची सावली तिसऱ्या मजल्यापर्यंत कधीच पोचत नाही. निदान एका बाजूची माती मोकळी ठेवायला सांगा. हे सगळं करारनाम्याच्या परिशिष्टात मापांसकट आलं पाहिजे. परवानगीसाठी नकाशे सादर होण्याआधीच हे करा, नंतर ‘आता बदल शक्य नाही’ हेच उत्तर मिळतं.

प्रश्न : वरच्या मजल्यावर घर आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री बारा वाजताही छत तापलेलं असतं, सासूबाईंना फार त्रास होतो. गच्चीला चुना लावून खरंच फरक पडतो का?
— एक वाचक, अकोला

पडतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. म्हाताऱ्या माणसांना दुपारपेक्षा हीच रात्र जास्त घातक, कारण शरीराला निवायला वेळच मिळत नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं कामही त्यात आलं. पांढऱ्या छतामुळे खोली साधारण २ ते ५ अंशांनी थंड राहते.

पद्धत अशी. फेब्रुवारीच्या अखेरीस गच्ची तारेच्या ब्रशनं घासून शेवाळ काढा, धुवा, भेगा बुजवा. चुन्यानं गळती थांबत नाही, ते काम आधी व्हायला हवं. कळीचा चुना किलोला ५ लिटर पाणी या मापानं भिजवा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि मग त्यात थोडाथोडा चुना टाका. उलट केलं तर उकळतं मिश्रण अंगावर उडतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. २४ तास ठेवून जाड्याभरड्या कापडातून गाळा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घाला, १० लिटर गाळलेल्या चुन्याला साधारण ४० ग्रॅम. गच्ची किंचित ओली करून संध्याकाळी पहिला हात द्या. तो वाळला की दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. भर दुपारी लावलेला चुना भाजल्यासारखा वाळतो आणि पायाला पूड लागते. नीळ घालू नका, इथे दिसण्यापेक्षा पांढरेपणा महत्त्वाचा. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, दरवर्षी नव्यानं लावावा लागतो. पत्र्यावर तो टिकत नाही. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंगच घ्यावा लागेल.

रात्री जिन्याचं गच्चीकडचं दार उघडं ठेवा, गरम हवा वर निघून जाते. सासूबाई गोंधळल्यासारखं बोलू लागल्या किंवा अंग तापून गुंगी आली, तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. फूटपाथ आहे, पण त्यावरून चालणं म्हणजे चढउतार. तक्रार कशाच्या आधारावर करू?
— एक ज्येष्ठ नागरिक, पुणे

मापांच्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या निकषांप्रमाणे (आयआरसी १०३) फूटपाथवर कमीत कमी १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी विनाअडथळा वाट हवी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. टेप घेऊन विजेचा डीपी बॉक्स, झाडाचा पार, पाटी अशा प्रत्येक अडथळ्याजवळ उरलेली रुंदी मोजा आणि फोटो काढा. प्रत्येक गेटपाशी फूटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरवलेला असतो. खरं तर फूटपाथ सलग ठेवून गाडीनं चढून जायला हवं. गुडघे दुखणारी माणसं रस्त्यावर उतरतात ती याच चढउतारामुळे.

सिग्नलही मोजा. १८ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगानं १५ सेकंदांत ओलांडता येतो, पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला साडेबावीस लागतात. हिरवा दिवा वीस सेकंदांचा असेल तर तुम्ही मध्येच अडकणार.

ही सगळी मापं तक्त्यात मांडून क्षेत्रीय कार्यालयाला आणि पथ विभागाला द्या, पोच घ्या. शिवाय पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची सोय आहे. अर्ज मागवले जातील तेव्हा ‘फूटपाथ दुरुस्ती’ असं मोघम न लिहिता कुठून कुठपर्यंत, किती मीटर, काय हलवायचं हे लिहा.

प्रश्न : दर पावसाळ्यात धुराची फवारणी होते, तरी डेंगी येतोच.
— एक वाचक, ठाणे

धुरानं फक्त उडणारे डास मरतात. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा आणि कडा घासा. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या पावसात तीच फुटतात. बांधकामावर लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबवर साठवलेलं पाणी आधी तपासायला लावा.

शहरी मलेरियाचा डास विहिरी आणि टाक्यांत वाढतो. मुंबईतल्या मलेरियाची पाहणी करणारे डॉ. बेंटले यांनी १९११ च्या अहवालात मुंबईतल्या विहिरींवर बोट ठेवलं, त्यानंतर कित्येक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. आज त्यांची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे. झाकण फटीशिवाय बसतं का, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी आहे का, हे दोन्ही बघा. टाकीला पक्की लोखंडी शिडी लावून घ्या. शिडी नसली की कर्मचारी खालूनच टाकीकडे पाहून ‘ठीक’ लिहितो आणि झाकण वर्षभर कुणी उघडत नाही.