बुद्धिबळात ओपनिंग (डावाची सुरुवात) कुठली धरू म्हणणाऱ्या पोराला

भावा, नायडॉर्फच्या (काळ्याची एक अवघड ओपनिंग) पंधरा चाली पाठ केल्यास, पण समोरचा सहाव्या चालीला वेगळं खेळला की पुढं काय? ते ठेव बाजूला. आपल्या तालमीत पोराला आधी जोर-बैठका देतात, डाव नंतर.

पांढऱ्याकडून इटालियन धर: ई4, घोडा एफ3, उंट सी4 (ही पटावरच्या घरांची नावं; नुसतं घर म्हटलं की चाल प्याद्याची). काळ्याकडून ई4 ला ई5, डी4 ला डी5. वर्षभर बदलू नको. लंडन ही पांढऱ्याची ओपनिंग सोपी खरी, पण सगळे डाव एकाच छापाचे होतात, म्हणून मी नवख्याला देत नाही.

समोरच्यानं इटालियन धरली आणि तू काळ्याकडून दोन्ही घोडे काढलेस की कोणीतरी घोडा जी5 करणार, डोळा एफ7 वर, तुझ्या राजाशेजारच्या प्याद्यावर. हमखास! घाबरू नको, डी5 कर. त्यानं प्यादं मारलं की लगेच घोड्यानं परत मारायचं नाही; घोडा ए5, उंटाला हाकल.

हे टाळ:
- वजीर लवकर बाहेर काढणं (पोरं मारतात पहिल्यांदा, नंतर वजीर पळवत बसतात)
- कारण नसताना एकच मोहरा दोनदा हलवणं
- कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) लांबवणं
- दोन डाव हरले की ओपनिंग बदलणं. हे सगळ्यात वाईट.

गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन खेळणं), कॅटलान (पांढऱ्याची आणखी एक ओपनिंग) नंतर बघू. पुढच्या स्पर्धेत चाली नीट लिही आणि हरलेल्या डावांचे कागद आधी आण.