दूध हवे असेल तर मेंढा कळपाबाहेर ठेवा

अथणी तालुक्यातील एक मेंढपाळ बंधू विचारतात : चाळीस दख्खनी मेंढ्या आहेत, दोन मेंढे बारमाही कळपातच असतात. कोकरं कधीही होतात. एक हॉटेलवाला दूध घ्यायला तयार आहे, पण आज दोन लिटर तर उद्या काहीच नाही असं होतं. दोन वर्षांत तीन वेतं घेतली तर जमेल का?

दख्खनी मेंढी ही मांसाची आणि लोकरीची. कोकराला पाजून उरेल तेवढेच दूध तुमचे, त्यामुळे हिशेब आधी कोकरांचा करा आणि दुधाचा पैसा वरचा धरा. या दुधाला फॅट सहा-सात टक्के लागते, म्हणजे गाईच्या जवळपास दुप्पट. पनीर-खव्याला ते चांगले, म्हणून गाईच्या भावाने देऊन टाकू नका.

दूध एकसारखे निघत नाही, याचे कारण तुमचे दोन मेंढे. ते सदा मोकळे असल्याने मेंढ्या एकेक करून कधीही गाभ जातात आणि तशाच विखरून वितात. आपल्याकडे दख्खनी मेंढी जवळजवळ वर्षभर माजावर येते. तेव्हा तारीख तिने नव्हे, तुम्ही ठरवायची. मेंढे महिनाभर दूर बांधा, इतके दूर की वासही येऊ नये. नंतर एकदम सोडले की बऱ्याच मेंढ्या अडीच-तीन आठवड्यांत एका सुमाराला माजावर येतात.

कळपाचे दोन गट करा. पहिल्यात १५ जून ते २० जुलै मेंढा सोडा. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, त्यामुळे हा गट १२ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर या काळात विईल. पाऊस संपलेला, रान कोरडे, सोयाबीन-भुईमुगाचा पाला हाताशी. दुसऱ्या गटात १ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर मेंढा ठेवलात तर कोकरे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होतील. पस्तीस दिवस अशासाठी की माज १६-१७ दिवसांनी परत येतो आणि प्रत्येकीला दोन संधी मिळतात. पण दुसरा गट घरी पाणी आणि हिरवा चारा असेल त्यानेच करावा. उन्हाळ्यात कोरड्या माळावर व्यालेली मेंढी कोकराला पुरत नाही, तुम्हाला कुठून देणार?

दोन वर्षांत तीन वेते कागदावर छान दिसतात. दर आठ महिन्यांनी वेत धरा : नोव्हेंबर, मग जुलै, मग मार्च. घोडे अडते ते जुलैवर. चिखलात खुरे सडतात, भिजलेल्या कोकरांना फुप्फुसाचा दाह होतो आणि चिलटे वाढली की नीलजिव्हा (ब्लू टंग) हा रोग येतो. उंच फळीचा कोरडा गोठा असल्याशिवाय मी हा सल्ला कोणाला देत नाही. वर्षाला एकच वेत घ्या आणि कोकरे जगवा.

पहिला महिना कोकराला पोटभर पिऊ द्या. मग रात्री कोकरे वेगळी कोंडायची, सकाळी धार काढायची आणि दिवसभर ती आईपाशी सोडायची. असे केल्यास एका गटाचे दूध साधारण डिसेंबर मध्यापासून मार्चपर्यंत आणि दुसऱ्याचे एप्रिल ते जून मिळेल. जुलै ते डिसेंबर मध्यापर्यंत दूध नाही, हे हॉटेलवाल्याला आजच सांगून टाका.

कोण गाभ गेली हे कळायला मेंढ्याच्या छातीला गोडेतेलात कालवलेला रंग लावा. पहिले १७ दिवस पिवळा, पुढे गेरू. पाठीवर पिवळ्यानंतर गेरू उमटला, म्हणजे ती उलटली, गाभ न राहता पुन्हा माजावर आली. ऑइलपेंट अजिबात नको.

आणि मेंढ्याची काळजी एप्रिलपासून घ्या. वीर्य तयार व्हायला सात आठवडे लागतात, त्यामुळे मे महिन्यातले अथणीचे ऊन जूनमध्ये नडते. दिवसभर सावली, मुबलक पाणी आणि रोज थोडा खुराक द्या. एका मेंढ्यामागे २५-३० मेंढ्या पुरेत. मेंढ्यांनाही मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ग्रॅम मक्याचा भरडा द्या. तोच खुराक गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यात पुन्हा सुरू करा, कारण पोटातले कोकरू बहुतेक तेव्हाच वाढते.

चिक्कोडीहून प्रश्न : सुवर्णा मेंढा आणला, तरी जुळी का झाली नाहीत?

होणारच नव्हती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणला, तीच ही सुवर्णा. पण किती कोकरे व्हायची हे आईच्या गुणावर ठरते, बापाच्या नाही. या मेंढ्याच्या लेकी वितील तेव्हा जुळी दिसतील. त्या माद्या विकू नका. आणि जुळी पाजणाऱ्या मेंढीकडून विक्रीला दूध काढायची आशा धरू नका.

निपाणी भागातून : उसाचे वाढे आणि गाईचं क्षार मिश्रण चालेल का?

वाढे चालतील, पण नुसते नकोत. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवते, म्हणून हरभऱ्याचा किंवा तुरीचा भुसा मिसळा. गाईचे क्षार मिश्रण मात्र मेंढीला देऊ नका. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साचते आणि ती अचानक दगावते. मेंढीसाठी वेगळे मिळते, तेच मागा.

खानापूरच्या एका ताईंची कोकरे अंगाने धडधाकट असून पहिल्या महिन्यात पटकन मरतात. हा आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा रोग, असू शकतो. विण्याआधी तीन-चार आठवडे मेंढीला लस टोचून घ्या, म्हणजे चिकातून कोकराला संरक्षण मिळते. चीक पहिल्या तास-दोन तासांत पोटात जायला हवा. अडीच किलोच्या कोकराला दिवसभरात पाव लिटर, तीन-चार वेळा विभागून. यापुढे एखादे मेले तर पुरण्याआधी पशुवैद्यांना दाखवा.

मेंढा किती वर्षे ठेवावा, असे रायबागकडून दोघांनी विचारले आहे. दोनच वर्षे. नंतर त्याच्याच लेकी त्याच्यासमोर माजावर येतात. दुसऱ्या मेंढपाळाच्या वाड्याशी अदलाबदल करायला हरकत नाही, फक्त त्यांचा मेंढा तुमच्याच जुन्या मेंढ्याचा मुलगा नाही ना, हे आधी विचारून घ्या.