६४१ पर्यंत पोचायला किती भागाकार?

प्रश्न : २चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही संख्या मूळ असावी असं गणिती फर्माला वाटत होतं. १७३२ साली गणिती ऑयलरने तिचा ६४१ हा विभाजक दाखवला. त्यासाठी त्याआधीच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं का? शिवाय फर्माची कसोटी अशी : संख्या मूळ असेल, तर पायाच्या (संख्या वजा १)व्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ यायला हवी. २ पाया घेऊन ती लावली तर बाकी १ येते, मग ही संख्या मूळ का नाही?

उत्तर : ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे, पण एवढे भागाकार लागत नाहीत. समजा, प या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग प ने भागल्यावर २च्या ३२व्या घाताची बाकी −१ आणि ६४व्या घाताची १ येते. १ बाकी देणारा सर्वांत लहान घात ६४च आहे, आणि प मूळ असल्याने २च्या (प−१)व्या घाताची बाकीही १ येते; म्हणून प−१ ला ६४ने भाग जायलाच हवा. म्हणून तपासायच्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. गणिती ल्यूकाने पुढे ६४च्या जागी १२८ आणलं, तेव्हा उरल्या २५७ आणि ६४१. त्यातही २५७ने भागल्यावर २च्या ८व्या घाताची बाकी −१ येते, म्हणजे ३२व्याची १, आणि आपल्या संख्येची २. २५७ बाद. पहिलाच खरा उमेदवार ६४१!

आता कागदावर करून बघा. २चा १६वा घात ६५५३६; त्यातून ६४१ × १०२ = ६५३८२ वजा केले की १५४ उरतात. १५४चा वर्ग २३७१६; त्यातून ६४१ × ३६ = २३०७६ गेले, उरले ६४०. त्यात १ मिळवला की ६४१, म्हणजे भाग पूर्ण. दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही, हे या रीतीचं खरं सौंदर्य.

भागाकार येतो ६७००४१७. तो मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८च्या जरा पुढे. वरच्याच १२८च्या नियमाने ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्यांनीच भागून पाहायचं. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. भाग कशानेच जात नाही, म्हणून मूळ.

कसोटीत चूक पायाची आहे. इथे पायाचा जो घात घ्यायचा, म्हणजे संख्या वजा १, तो २चा ३२वा घात, आणि त्याला ६४ने भाग जातो. २च्या ६४व्या घाताची बाकी आधीच १ असल्याने उत्तर १ येणारच, संख्या मूळ असो वा नसो. फर्माच्या अशा प्रत्येक संख्येबाबत (२चा घात अधिक १, जिथे घातांक स्वतःच २चा घात असतो) २ हा पाया असाच फसवतो. ३ घ्या : बाकी ३०२९०२६१६० येते, १ नाही, आणि संख्या संयुक्त ठरते. संगणकावर करताना मात्र जपा. प्रत्येक पायरीवरच्या बाकीचा वर्ग ६४ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही ठेवणाऱ्या) पूर्णांकात मावत नाही आणि सूचना न मिळताच बाकी चुकते. पायथॉन या संगणकभाषेचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात, तिथे ही अडचण नाही.