पावसातला कॅमेरा आणि पाण्यातला कॅमेरा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : दर पावसाळ्यात सह्याद्रीत पाच-सहा ट्रेक करतो, सप्टेंबरात कासला जातो, हिवाळ्यात एखादी तारकर्लीची फेरी होते. फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा की पाण्यात चालणारा दणकट कॉम्पॅक्ट, या विचारात वर्ष गेलं. दोन्ही एकदम घेणं शक्य नाही. — सातारा

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पावसातला कॅमेरा ही एक गरज आणि पाण्यातला कॅमेरा ही दुसरी. आपल्याकडे त्यांचे हंगामही वेगळे असतात. जून ते ऑगस्ट कोकणातलं समुद्री पर्यटन बंद असतं आणि तुमचे ट्रेक नेमके तेव्हाच असतात. त्यामुळे वर्षातले किती दिवस कॅमेरा फक्त भिजणार आहे आणि किती दिवस खरोखर बुडणार आहे, ते आधी मोजा.

पावसाळ्यातली खरी अडचण पाण्याइतकीच उजेडाचीही आहे. ढग गडावर उतरले की उजेड किती घटतो ते लक्षात घ्या. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. ओएम सिस्टीम टीजी-७ किंवा त्याआधीच्या ऑलिंपस टीजी-६ सारख्या दणकट कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. उजेड झेलणाऱ्या जागेतला हा फरक तीसपटीचा आहे. टीजीची लेन्स रुंद टोकाला एफ/२ (हा आकडा लहान तितका उजेड जास्त) असली तरी झूम पूर्ण लांबवल्यावर ती एफ/४.९ होते.

आता एक प्रत्यक्ष हिशेब करू. दाट ढगात, कोसळत्या पावसात, पळणारा माणूस किंवा घोडा गोठवायला १/१००० सेकंद शटर हवं. मिररलेसवर एफ/२.८ ची लेन्स असेल तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० च्या आसपास ठेवून भागतं आणि फुल फ्रेमला ८०० म्हणजे काहीच नाही. त्याच उजेडात लांबवलेल्या कॉम्पॅक्टला आयएसओ २४०० लागतो. इवल्याशा सेन्सरवर २४०० म्हणजे केस, पानं, धोतराची घडी, सगळं पाण्यात कालवलेल्या रंगासारखं दिसतं. शिवाय हा कॅमेरा फोकस धरायला वेळ घेतो आणि हलत्या विषयावर अनेकदा चुकतो. ढगाळ कड्याचा रुंद फोटो, झाडाखाली थांबलेले सोबती, वाटेवरचं पाणी हे सगळं तो नीट टिपतो. अंधारलेल्या रानातला पक्षी मात्र त्याच्याकडून मागू नका.

कासला गणित उलटं होतं. सीतेची आसवं, दवबिंदू यांसारखी नखाएवढी फुलं टिपायला टीजीचा मायक्रोस्कोप मोड अप्रतिम आहे. लेन्सच्या काचेपासून एक सेंटीमीटरवर तो फोकस करतो आणि लहान सेन्सरमुळे फुलाचा जास्त भाग स्पष्ट येतो. हेच काम मिररलेसवर करायला वेगळी मॅक्रो लेन्स लागते, वजन वाढतं आणि जमिनीलगत कॅमेरा टेकवणं अवघड होतं. एक अडचण मात्र ठरलेली आहे. एक सेंटीमीटरवर कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या दिव्याचा उजेड लेन्सभोवती पसरवणारं एलजी-१ हे कडं किंवा एफडी-१ हा फ्लॅश डिफ्यूझर मिळतो, तो घ्याच. आणि कृपा करून दोरीच्या आतल्या फुलांसाठी पठारावर आडवे होऊ नका. वाटेच्या कडेलाही तीच फुलं असतात.

वजनाचंही बघा. सोनी ए-७ फोर बॉडी ६५८ ग्रॅम आणि २४-७० एफ/२.८ ची नवी जीएम लेन्स ६९५ ग्रॅम, म्हणजे गळ्यात साडेतेराशे ग्रॅम. टीजी-७ बॅटरीसकट २४९ ग्रॅम. कड्यावर दोन्ही हातांनी धरून चढताना सव्वा किलोहून जास्त लोलक छातीवर आपटत असतो. शेवटी तो सॅकमध्ये जातो आणि फोटो राहून जातात.

आमचा कौल असा : तुमच्या यादीत ट्रेक जास्त आणि तारकर्ली एकदाच, म्हणून मिररलेस घ्या. पण त्याच्यासोबत पाऊस-कव्हर आणि कोरडा डबा (ओल शोषणारे दाणे घातलेला हवाबंद डबा) यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरा. तारकर्लीच्या एका दिवसासाठी दणकट कॉम्पॅक्ट भाड्याने किंवा मित्राकडून मिळत असेल तर तसंच करा. उलट फुलं, बेडूक, कीटक हाच तुमचा खरा ओढा असेल आणि फोटो मोठ्या आकारात छापायचे नसतील, तर कॉम्पॅक्ट जास्त वेळ हातात राहील. खिशातला आयपी६८ दर्जाचा (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याची मोजलेली पातळी) फोनही विसरू नका. रुंद फोटोपुरता चांगला फोन आजच्या कॉम्पॅक्टच्या पुढे आहे. पण पाण्याखाली त्याचा स्पर्शपडदा नीट चालत नाही, आणि आयपीची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या नाही.

प्रश्न : माझा मिररलेस ‘वेदर सील्ड’ आहे असं दुकानदाराने सांगितलं. आषाढी वारीत सासवड-दिवेघाटात दिवसभर पावसात वापरू का? — पुणे

वापरा, पण झाकून. ‘वेदर सील्ड’, म्हणजे पाऊस-धूळ रोखायला सांध्यांत सील बसवलेला, या शब्दाला ठरलेली पातळी नाही. बहुतेक कंपन्या कोणताही आयपी आकडा देत नाहीत. ओएम-१ सारखे मोजके कॅमेरे ठरावीक लेन्ससह आयपी५३ सांगतात. त्यातला ५ धुळीचा आणि ३ पाण्याचा : उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंतच्या कोनातून येणारा फवारा सोसेल, इतकंच. दिवेघाटात वारा पाऊस आडवा मारतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शिवाय सील ही साखळी आहे. बॉडीला सील असून लेन्सच्या माउंटला मागे रबराचं कडं नसेल तर पाणी नेमकं तिथूनच, थेट सेन्सरच्या दाराशी उतरतं. लेन्स उलटी करून बघा, धातूच्या कड्याभोवती पातळ काळं किंवा रंगीत रबर दिसलं पाहिजे. बाहेर सरकणारी झूम लेन्स दर वेळी हवा आत ओढते आणि नळीवरचे थेंबही सोबत नेते. म्हणून नळी आत घेण्याआधी पुसा. हॉटशूवरची, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेवरची, प्लास्टिकची टोपी हरवली असेल तर नवी बसवा, तिथले संपर्कबिंदू उघडे राहतात.

पाऊस-कव्हर नसेल तर जाड, पारदर्शक पिशवी घ्या. बंद कोपऱ्यात लेन्स-हुडच्या (लेन्सपुढे लावायच्या कड्याच्या) व्यासापेक्षा थोडं लहान भोक पाडा, हुडवर ताणून रबरबँडने आवळा. पिशवीचं उघडं तोंड खाली, हात त्यातून आत. व्ह्यूफाइंडरसाठी मागे भोक पाडू नका, पिशवीतूनच बघा. टच-स्क्रीन मेनूतून बंद करून ठेवा. थेंब पडला की फोकसचा बिंदू पळतो आणि माणसाला वाटतं कॅमेरा बिघडला. हुड कायम लावलेला असावा, समोरच्या काचेवर एक थेंब आला तरी पुढचे वीस फोटो फुकट जातात. पाच-सहा मायक्रोफायबर कापडं वेगवेगळ्या खिशांत, प्रत्येक छोट्या पिशवीत. एकच ओलं झालेलं कापड दिवसभर वापरलं तर काचेवर फक्त पाणी पसरतं.

रिंगणाला एकच लेन्स ठरवून जा. पावसात लेन्स बदलायची नाही, छत्रीखालीसुद्धा. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो आणि बहुतेक बॉडींत लेन्स काढल्याबरोबर सेन्सर उघडा पडतो.

संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर बाहेरून पूर्ण कोरडा पुसा आणि मगच बॅटरी-कार्डाची दारं उघडा.

प्रश्न : पाण्यात चालणारा कॉम्पॅक्ट घेतला, १५ मीटरचा दावा. मालवणला पाण्यात उतरताच लेन्सच्या आतून धुकं आलं. कंपनीने फसवलं का? — कोल्हापूर

बहुधा नाही. आधी धुकं आणि गळती यांतला फरक ओळखा. कॅमेरा गरम झाल्यावर काच आपोआप स्वच्छ होत असेल तर ते धुकं. आत थेंब हलताना दिसत असतील, बॅटरीच्या कप्प्यात ओल किंवा पांढरा खार असेल तर गळती.

धुक्याचं कारण साधं आहे. होडीत बसून तुम्ही बॅटरी किंवा कार्ड बदललंत, तेव्हा किनाऱ्याची हवा कॅमेऱ्यात कोंडली गेली. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, २८ अंशांच्या आसपास येतो. पाणी २६-२७ अंशांचं असेल तर काच या दवबिंदूच्या खाली जाते आणि आतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते. तीच दारं तुम्ही आदल्या रात्री एसी खोलीत, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला बंद केली असती तर दवबिंदू १३ अंशांवर आला असता. तारकर्लीचं पाणी एवढं थंड कधीच होत नाही. एसी खोलीत भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घाला, दारं अर्धा तास उघडी ठेवून मग बंद करा आणि डाइव्ह संपेपर्यंत उघडू नका. होडीत कॅमेरा उन्हात तापू देऊ नका, ओल्या टॉवेलखाली ठेवा.

गळती बहुतेक वेळा दाराच्या रबरी पॅकिंगवरून होते. वाळूचा एक कण किंवा एक केस आडवा पडला तरी पाण्याला वाट मिळते, आणि दर दहा मीटरला एक वातावरणदाब वाढतो तेव्हा पाणी त्या वाटेने जास्त जोराने आत शिरतं. दार लावण्याआधी भिंगाने किंवा फोनच्या मॅक्रोने पॅकिंग फिरवून बघा. कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. सनस्क्रीन, साबण, स्पिरिट पॅकिंगला लावू नका. टीजीच्या दाराला कडी आणि तिच्यावर कुलूप अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. कडी लागल्याचा आवाज आला म्हणून थांबू नका, लाल खूण पूर्ण झाकली गेली का ते बघा. हे पॅकिंग वर्षातून एकदा सेवाकेंद्रात बदलून घ्यायचं असतं, कॅमेरा कमी वापरला असला तरी. रबर वयानेही कडक होतं.

एक घरगुती चाचणी सांगतो. बॅटरी काढा, कप्प्यात कोरड्या टिश्यू पेपरची घडी ठेवा, दार लावून कॅमेरा बादलीत पंधरा मिनिटं बुडवा. बाहेरून पूर्ण कोरडा करून, दार खालच्या बाजूला धरून उघडा. टिश्यू ओला असेल तर पाण्यात नेऊ नका. कोरडा असेल तर मोठं भोक नाही एवढंच कळतं, दहा मीटरची हमी मिळत नाही.

समुद्रातून आल्यावर दारं बंद ठेवूनच गोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पाण्यातच बटणं दाबा म्हणजे त्यांच्याखालचं मीठ सुटेल. मग पुसून सावलीत वाळवा. होडीवरून उडी मारताना कॅमेरा हातात नको, आदळण्याचा दाब १५ मीटरच्या हिशेबात येत नाही. आणि हा कॅमेरा बुडतो. तरंगणारा पट्टा लावा.

फोटोंबद्दल एवढंच : पाण्याखाली लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, म्हणून पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) निवडा, झूम रुंद टोकालाच ठेवा आणि माशाच्या एक मीटरच्या आत जा. आपल्या किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात फ्लॅशने कण उजळतात आणि फोटोभर बर्फ पडल्यासारखं दिसतं.

प्रश्न : मिररलेसलाच पाण्याची पेटी, म्हणजे हाउसिंग घेतलं तर दोन्ही प्रश्न सुटतील ना? — ठाणे

सुटतात, पण हाउसिंग एकाच बॉडीच्या मापाचं असतं. बॉडी बदलली की तेही बदलावं लागतं. लेन्सप्रमाणे पुढचा घुमट वेगळा घ्यावा लागतो आणि ओ-रिंगला (पेटीच्या सांध्यातल्या रबरी कड्याला) प्रत्येक वेळी तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटाने फिरवावं लागतं. जास्त ग्रीस लावणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक, त्यात वाळू चिकटते. वर्षाला दहा-बारा डाइव्ह करणाऱ्यानेच या वाटेला जावं.

प्रश्न : मिररलेस खाडीच्या पाण्यात पडला. तांदळात पुरून ठेवला आहे. — दापोली

तांदळातून लगेच काढा. तांदूळ फारशी ओल ओढत नाही आणि त्याचा भुसा फटींत जातो. बॅटरी आणि कार्ड बाहेर काढा, चालू करून बघू नका. चालू केल्यावर खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि सर्किटवरचं तांबं काही तासांत गंजायला लागतं. बाहेरचं मीठ गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला पाठवा. पाकिटावर ‘खारं पाणी’ असं ठळक लिहा, तंत्रज्ञ आधी धुवून घेईल.

प्रश्न : कोकणात दर पावसाळ्यानंतर लेन्सवर बुरशीचे धागे येतात. — रत्नागिरी

आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सलग राहिली आणि लेन्स अंधारात पडून असली की बुरशी धरते. कापडी किंवा चामडी बॅगेत कॅमेरा ठेवायचा नाही, बॅग स्वतःच ओल धरते. रबरी कडा असलेला २० लिटरचा हवाबंद डबा, त्यात २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ३० च्या खाली नेऊ नका. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवा. निळे दाणे कोबाल्टचे असतात, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नकोत.

बुरशी लागलेली लेन्स बाकीच्यांसोबत एका डब्यात ठेवू नका. धागे पहिल्या काचेवरच असतील तर साफ होतात. खूप दिवस राहिले तर काचेवरचा लेप खाल्लेला असतो आणि तो परत येत नाही. पावसाळाभर आठवड्यातून एकदा लेन्स काढून तासभर उजेडात ठेवा, झूम आणि फोकसची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. थेट उन्हात मात्र नको.