१८३१ सालचा ‘कॉम्प्युटर’

‘राधानाथ सिकदार १८३१ साली सर्वेक्षण खात्यात कॉम्प्युटर म्हणून रुजू झाले’ असे वाक्य एका लेखात वाचून आपण विचारले आहे की ही छपाईची चूक आहे, की लेखकाने आजचा शब्द मागच्या काळात घुसडला आहे. दोन्हीही नाही. वाक्य अक्षरशः बरोबर आहे. कारकून, मोजणीदार किंवा खजिनदार हे जसे हुद्दे आहेत, तसाच त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हाही एक हुद्दा होता. या शब्दाचा बहुतेक सगळा इतिहास माणसांचाच आहे. यंत्राने तो गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत बळकावला.

मुळाशी लॅटिनमधील ‘कॉम्प्युतारे’ हे क्रियापद आहे. त्यातील ‘पुतारे’चा जुना अर्थ छाटणे, साफ करणे, त्यावरून हिशेब साफ करणे आणि मग मोजणे असा अर्थ पुढे सरकला. ‘अँप्युटेशन’मध्ये छाटण्याचा अर्थ अजून शाबूत आहे, आणि ‘काउंट’ हा शब्द याच क्रियापदाचे फ्रेंचमधून झिजून आलेले रूप आहे. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १६१३ सालची आहे, आणि तेथे काळाची गणना करणाऱ्या माणसाविषयी बोलणे चालले आहे. हा संदर्भ योगायोगाचा नाही. ईस्टरची तारीख काढण्याच्या शास्त्राला मध्ययुगीन युरोपात ‘कॉम्प्युटस’ म्हणत, त्यामुळे पंचांग आणि कालगणना यांच्याशी या शब्दकुळाचा संबंध जुना होता.

अठराव्या शतकात मात्र हा शब्द पोटापाण्याच्या धंद्याचे नाव झाला. ग्रिनिचचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन यांनी १७६७ सालापासूनचे नाविक पंचांग सुरू केले. समुद्रात रेखांश काढण्यासाठी चंद्राचे ठरावीक ताऱ्यांपासूनचे अंतर दर तीन तासांसाठी त्यात द्यावे लागे. ही आकडेमोड इंग्लंडभर विखुरलेले कॉम्प्युटर आपापल्या घरी, लॉगॅरिदमची कोष्टके पुढ्यात घेऊन करीत. चुका पकडण्यासाठी एकच काम दोघांना स्वतंत्रपणे दिले जाई आणि तिसरा माणूस, म्हणजे ‘कंपेअरर’, ते ताडून पाही. दोन महाभागांनी एकमेकांची उत्तरे उतरवून घेतली, तेव्हा ते पकडले गेले आणि त्यांना कामावरून काढण्यात आले. लडलो येथील मेरी एडवर्ड्स यांचे उदाहरण याहून बोलके आहे. काम त्यांच्या पतीच्या नावावर होते, पण १७८४ साली पती वारल्यावर आकडेमोड मुख्यतः त्याच करीत होत्या हे उघड झाले, आणि पुढे ते काम त्यांच्या स्वतःच्या नावाने चालू राहिले.

सिकदार यांची नेमणूक याच परंपरेतली. सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांना त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी गोलीय भूमिती जाणणारा माणूस हवा होता आणि हिंदू कॉलेजातील हा तरुण महिना ३० रुपयांवर घेतला गेला. मैदानात थिओडोलाइटने मोजलेले कोन म्हणजे निव्वळ कच्चा माल असे. पृथ्वीच्या गोलाईमुळे मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते, आणि दूरच्या शिखराकडून येणारा प्रकाश हवेच्या थरांत वाकून ते शिखर आहे त्यापेक्षा उंच भासवतो. या गोष्टींची दुरुस्ती करून खरी उंची काढणे हे कॉम्प्युटरचे काम होते. सिकदार पुढे कलकत्त्यात ‘चीफ कॉम्प्युटर’ झाले. ‘पंधरा क्रमांकाच्या शिखरा’ची, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टची, सहा ठाण्यांवरून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून निरीक्षणे घेतली गेली होती, आणि त्यांतून निघालेली २९,००२ फूट ही उंची १८५६ साली जाहीर झाली. आजची मान्य उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. या गणिताचे नेमके किती श्रेय सिकदार यांचे आणि किती डेहराडूनच्या कार्यालयाचे, यावर अभ्यासकांत वाद आहे, मात्र त्यांच्या पदनामाबद्दल वाद नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत या कामात स्त्रियांची संख्या वाढत गेली. हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी नेमलेल्या स्त्रियांना कॉम्प्युटरच म्हणत, आणि ताऱ्यांवरून विश्वातील अंतरे मोजण्याची किल्ली शोधणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट त्यांच्यापैकीच एक होत्या. दुसऱ्या महायुद्धात फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये तोफांच्या माऱ्याची कोष्टके तयार करण्यासाठी अशाच स्त्रिया बसवलेल्या होत्या. तोफगोळ्याचा एक मार्ग काढायला एका व्यक्तीला टेबलावरील गणनयंत्र हाताशी असूनही तीसेक तास लागत. तेच काम अर्ध्या मिनिटात करणारे एनिअ‍ॅक हे यंत्र १९४६ साली जगापुढे आले आणि त्याच्या लांबलचक नावातला शेवटचा शब्द होता ‘कॉम्प्युटर’. ते चालवायला ज्या सहा जणींना निवडले, त्या आदल्या वर्षापर्यंत स्वतः कॉम्प्युटर या पदावर होत्या.

अर्थाचा सांधा नेमका कोठे बदलला, हे बहुतेक शब्दांच्या बाबतीत दाखवता येत नाही. येथे ते जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. इंग्रज गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधात कॉम्प्युटरसाठी ‘तो’ हे माणसाचे सर्वनाम येते आणि त्याच्या ‘मनःस्थिती’चा उल्लेख येतो, कारण डोळ्यांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस आहे. (हा निबंध आजचा अर्थ मनात धरून वाचणारे येथे हमखास फसतात.) १९४५ साली गणनयंत्रे बांधणारे अमेरिकन संशोधक जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एका अहवालात स्पष्टच ठरवून टाकले की कॉम्प्युटर म्हणजे यंत्र, आणि माणसांना ‘ऑपरेटर’ म्हणावे. १९५० पर्यंत खुद्द ट्युरिंगना जुन्या अर्थासाठी ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ असे विशेषण लावून लिहावे लागले. माझ्या मते अर्थांतराचा याहून पक्का पुरावा नसतो, कारण विशेषणाची गरज नेहमी मागे पडलेल्या अर्थाला लागते.

हा बदल इतका सहज झाला, याचे एक कारण इंग्रजीच्या ‘-अर’ या प्रत्ययात आहे. तो करणाऱ्या माणसालाही लागतो आणि साधनालाही. ‘प्रिंटर’ आधी मुद्रक होता, मग यंत्र झाला. ‘टाइपरायटर’ हा शब्द काही काळ यंत्रासाठी आणि ते चालवणाऱ्या व्यक्तीसाठीही वापरला जाई. तरीही नवा अर्थ सगळीकडे एकदम रुजला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले यंत्र १९६० साली सुरू झाले. पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले आणि त्यातील शेवटचे अक्षर कॉम्प्युटरचे नसून ‘कॅल्क्युलेटर’चे आहे.

तेव्हा जुने दस्तऐवज वाचताना १९४० च्या आधीचा ‘कॉम्प्युटर’ सहसा माणूस समजावा, आणि पुढच्या पंधरा वर्षांत सर्वनाम व विशेषण पाहून ठरवावे. भारतीय सरकारी कागदपत्रांत मात्र या नियमाला अपवाद सापडेल. जनगणना कार्यालयाच्या सेवाभरतीच्या नियमांत स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे हे माणसाचेच पद होते, फक्त तेथे त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटून दुसरे अक्षर ‘ई’ऐवजी ‘ओ’ असे.